वडाची पानं, निकेल ऑक्साइड आणि हायड्रोजन: पानाचा वाटा नेमका किती?

पारंबी (धागाकर्ती, बडोदा)

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडा लांबेल.

मी बडोद्यात पीएच.डी. करते. वनस्पतींच्या अर्कातून धातूंची ऑक्साइडं बनवायची आणि पाण्याचं विद्युत विघटन करून हायड्रोजन मिळवताना ती उत्प्रेरक म्हणून वापरायची, हा माझा विषय. झाड मी वड घेतलं. गावाचं जुनं नाव वटपद्र, दांडिया बाजारातल्या आमच्या घरातून निघालं की वाटेत ठिकठिकाणी वड, आणि आजी वटपौर्णिमेला ज्या वडाला सूत गुंडाळते त्याचीच पानं मी पहिल्यांदा आणली. आजीनं तोडू दिली नाहीत, म्हणून खाली पडलेली वेचली.

कृती अशी. पानं धुवायची, सावलीत वाळवायची, कुटून पूड करायची. १० ग्रॅम पूड १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात ८० अंशांवर अर्धा तास ठेवायची आणि गाळायची. कोऱ्या चहासारखा तांबूस काढा मिळतो. त्यात निकेल नायट्रेट विरघळवून ढवळत तापवत राहायचं, लापशीसारखं घट्ट झालं की मफल भट्टीत ४०० अंशांवर दोन तास. हाती काळसर पूड येते, निकेल ऑक्साइडची. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची ओळख पटवण्याच्या चाचणीत) रेषा जिथे यायला हव्यात तिथेच आल्या. ही पूड बाइंडरमध्ये (चिकटवणाऱ्या द्रव्यात) कालवून कार्बनच्या कापडावर लावली आणि १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तपासली. निकाल चांगला आला. मार्गदर्शक खूश, मी खूश, निबंधाचा कच्चा मसुदाही तयार झाला. त्यात मी लिहिलं होतं, 'पानातले पॉलिफेनॉल निकेलचं क्षपण करतात आणि कणांना आवरण देतात.' (पॉलिफेनॉल म्हणजे टॅनिनसारखी द्रव्यं, क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन देणं.) हे वाक्य मी ज्या ज्या निबंधात वाचलं होतं तिथून आपसूक माझ्या हातात आलं होतं.

मग एका दुपारी भट्टीत जागा रिकामी होती म्हणून मी पान न घालता नुसतं निकेल नायट्रेट भाजलं. तेच ४०० अंश, तेच दोन तास. ती पूड त्याच दिवशी तपासली. व्होल्टेज आणि प्रवाहाचे दोन्ही आलेख जवळजवळ एकमेकांवर बसले.

तेव्हापासून नीट झोप नाही. पानाशिवाय तेच होत असेल तर माझ्या वर्षभराच्या कामाला 'हरित संश्लेषण' कशाच्या जोरावर म्हणू? पान नेमकं काय करतं? आणि अडचणीत भर म्हणजे पावसाळ्यात आणलेल्या पानांची पूड उन्हाळ्यातल्या पानांच्या पुडीपेक्षा वेगळी वागते. मार्गदर्शकांना अजून सांगितलेलं नाही, आधी मला स्वतःला कळायला हवं. जाणकारांनी स्पष्ट बोलावं, वाईट वाटून घेणार नाही.

कोठीरोड

पारंबी, आधी अभिनंदन. कोरा प्रयोग (पान न घालता) केलात आणि तो लपवला नाहीत.

आता त्या वाक्याकडे. चांदीच्या बाबतीत ते खरं आहे. चांदीच्या आयनाचं प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन ओढण्याचा जोर) +०.८० व्होल्ट, तो इलेक्ट्रॉन घ्यायला टपलेलाच असतो, म्हणून पानांच्या काढ्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की रंग बदलतो आणि चांदीचे कण बनतात. निकेलचं विभव आहे -०.२५ च्या आसपास, जस्ताचं -०.७६. पानातल्या पॉलिफेनॉलमध्ये एवढा जोर नसतो. आणि मुळात गरजही नाही. निकेल नायट्रेटमध्ये निकेल २+ आहे, निकेल ऑक्साइडमध्येही २+ च. झिंक ऑक्साइडचंही तेच. ज्याचं क्षपण झालेलंच नाही त्याचं श्रेय पानाला देणारी वाक्यं शेकड्यांनी छापली गेली आहेत, कारण चांदीवरच्या निबंधांतलं वाक्य पुढच्यांनी तसंच उचललं.

मग पान काय करतं? आपल्या स्वयंपाकघरात बघा. आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळा पडतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस (लोहाचं सल्फेट) टाकला की काळाभोर रंग होतो, रंगारी पिढ्यान् पिढ्या तेच करत आले. टॅनिनचे हात धातूच्या आयनाला धरून ठेवतात. तुमच्या लापशीतही पॉलिफेनॉलनी निकेलला असंच धरलेलं असतं. त्यामुळे तापवताना निकेल एकाच ठिकाणी गोळा होत नाही, विखुरलेला राहतो.

दुसरी गोष्ट भट्टीत घडते. नायट्रेट हा ऑक्सिडीकारक, पानातली साखर आणि टॅनिन हे इंधन. दोन्ही एकत्र तापवले की मिश्रण स्वतःच पेट घेतं किंवा धुमसतं, वायू बाहेर पडतात आणि पूड सच्छिद्र, फुलारलेली होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील यांनी १९८० च्या दशकात नेमकी हीच ज्वलन-संश्लेषणाची वाट घातली, युरियासारखी इंधनं वापरून. तुमचं पान हे त्या युरियाच्या जागी बसलेलं इंधन आहे. असं मांडलंत तर ते खरं असेल आणि जास्त रंजकही.

भट्टीचं दार उघडताना तपकिरी धूर दिसला होता का? तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा. 'हरित' शब्द लिहिताना त्याचाही विचार करा.

पारंबी

धूर दिसला होता. फ्यूम हूडमध्ये (धूर ओढून नेणाऱ्या कपाटात) सोडला आणि वहीत नोंदवला नाही. आज नोंदवते.

कढईतल्या आवळ्यानं डोक्यात प्रकाश पडला. आई मोरावळ्यासाठी मुद्दाम स्टीलचं पातेलं घेते ते याचसाठी, हे कधी जोडलंच नव्हतं.

मांडवीकर

मी वाणिज्य शाखेचा, पण धागा सोडवत नाही. साधा प्रश्न आहे. कोयलीची रिफायनरी, बाजव्याकडचे खताचे कारखाने, इथे हायड्रोजन पूर्वीपासून वापरतात असं ऐकून आहे. मग नवीन काय शोधताय? आणि उत्प्रेरक नसेल तर पाणी फुटतच नाही का?

पारंबी

काका, बरोबर ऐकलंत. रिफायनरीत इंधनातलं गंधक काढायला हायड्रोजन लागतो, खतासाठी अमोनिया बनवायला लागतो. एक टन अमोनियात सुमारे १७६ किलो हायड्रोजन असतो. पण तो बहुतेक नैसर्गिक वायू वाफेबरोबर तापवून काढतात आणि त्यात दर किलो हायड्रोजनमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाण्यातून, सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेवर काढला तर ते टळतं. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं ते यासाठी. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे उद्दिष्ट तेव्हा ठेवलं होतं.

पाणी फुटतं, पण वीज जास्त खातं. सिद्धान्तानुसार १.२३ व्होल्ट पुरे, प्रत्यक्षात कारखान्यातल्या सेलला १.८ ते २ लागतात. किलोभर हायड्रोजनमागे ५० ते ५५ युनिट वीज जाते, आणि त्या हायड्रोजनमधून ऊर्जा मिळते ३३ युनिटांच्या आसपास. मधली गळती कमी करायचं काम उत्प्रेरकाचं. आणि गंमत अशी की हायड्रोजनच्या बाजूला फार अडत नाही. अडतं ते दुसऱ्या टोकाला, जिथे ऑक्सिजन बनतो. तिथे एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, ते सावकाश होतं. आम्लात ते काम इरिडियम ऑक्साइड करतं, पण जगात वर्षाला जेमतेम ७-८ टन इरिडियम निघतं. अल्कलीत निकेल, कोबाल्ट, लोह यांच्यावर भागतं, म्हणून आम्ही त्यांच्यामागे आहोत.

हिरवी फांदी

मी वनस्पतिशास्त्राची. पारंबी, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं 'खाली पडलेली वेचली' वाचून थांबले.

गळण्याआधी झाड पानातून नायट्रोजन, फॉस्फरस असं उपयोगाचं बरंच परत काढून घेतं, कॅल्शियम मात्र तिथेच राहतं. वडाच्या पानात कॅल्शियम कार्बोनेटचे खडेही असतात, आपण अकरावी-बारावीला सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घोसासारखे पाहिलेले सिस्टोलिथ ते हेच. म्हणजे तुमच्या काढ्यात आणि विशेषतः न गाळल्या गेलेल्या बारीक चुऱ्यात कॅल्शियम आहे, पोटॅशियम आहे. भट्टीत सेंद्रिय भाग जळतो, राख तिथेच उरते. ती धुतली का?

कोवळं तांबूस पान, जून हिरवं पान आणि पिवळं गळालेलं पान ही रसायनाच्या दृष्टीनं तीन वेगळी द्रव्यं आहेत. ऋतूनुसार टॅनिन बदलतं, पावसात पान जमिनीवर पडून राहिलं तर विरघळणारा भाग वाहूनही जातो. 'वडाची पानं १० ग्रॅम' ही कृती दुसऱ्या कुणाला तुमच्यासारखी करताच येणार नाही. काढ्यातलं एकूण फिनॉल फोलिन-सिओकाल्टो चाचणीनं मोजा आणि गॅलिक आम्लाच्या तुलनेत लिहा. नमुन्याची दाबून वाळवलेली फांदी हर्बेरियममध्ये जमा करून क्रमांक घ्या. महिना लिहा, पानाचं वय लिहा. आमच्या क्षेत्रात हे पहिल्या वर्षीच शिकवतात, रसायनवाल्यांच्या निबंधात 'स्थानिक परिसरातून गोळा केली' एवढंच वाचून जीव हळहळतो.

आणि रस्त्याकडेच्या वडाखालच्या पानावर धूळ असते. धुळीत लोह असतं. याकडे रसायनवाल्यांनी बघावं.

इंदूरकर

हिरवी फांदी यांच्या शेवटच्या दोन वाक्यांत या धाग्याचं उत्तर असण्याची दाट शक्यता आहे.

मी इंदूरला, उत्प्रेरकांवरच काम. पारंबीताई, अल्कलीत निकेल ऑक्साइडवर ऑक्सिजन बनवताना लोहाचा अंश फार मोठा खेळ करतो. १९८७ मध्ये कॉरिगननं दाखवलं की द्रावणातल्या लोहाच्या अगदी अल्प अशुद्धीनंही निकेल ऑक्साइडच्या पातळ थराची क्रियाशीलता खूप वाढते. २०१४ मध्ये ओरेगनच्या बोएट्शर यांच्या गटानं ते आणखी पक्कं केलं. लोह पूर्ण काढून टाकलं तर निकेलचं हायड्रॉक्साइड या कामात बऱ्यापैकी मंद असतं. बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये लोह असतंच. तुमचे दोन्ही आलेख एकमेकांवर बसले त्याचं कारण हेही असू शकतं की दोन्हीकडे काम बाटलीतलं लोहच करत होतं.

उपाय सोपा आहे. अतिशुद्ध निकेल लवणापासून निकेल हायड्रॉक्साइडचा साका बनवा, तो तुमच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून हलवा, तो लोह ओढून घेतो. मग सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण घ्या. काचेच्या बाटलीत ठेवू नका, अल्कली काचेतूनही अशुद्धी खेचते. प्लास्टिकची बाटली घ्या. त्या द्रावणात दोन्ही नमुने पुन्हा तपासा.

प्रतिइलेक्ट्रोड (सेलमधलं समोरचं दुसरं टोक) कोणता वापरता? प्लॅटिनमची तार असेल आणि पुढे हायड्रोजनच्या बाजूचं मोजणार असाल तर आजच बदला. प्लॅटिनम थोडं थोडं विरघळून तुमच्या पुडीवर बसतं आणि दर चक्राला 'उत्प्रेरक सुधारतो आहे' असं दिसतं. ग्रॅफाइटची कांडी लावा.

निकेलची आणि लोहाची अवस्था खरोखर बघायची झाली तर इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे, तीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र. तिथल्या क्ष-किरण शोषणाच्या बीमलाइनवर देशभरातले विद्यार्थी नमुने घेऊन येतात. प्रस्ताव लिहा. बडोद्याहून रात्रीत पोहोचाल, सकाळी पोहे-जिलेबी माझ्याकडे.

कोबाल्टवाल्यांसाठी एक जोड. सोडियम बोरोहायड्राइडमधून हायड्रोजन सोडवायला पानाचं कोबाल्ट ऑक्साइड वापरतात, एका ग्रॅमपासून अडीच लिटरच्या आसपास वायू येतो, दिसायला सुंदर प्रयोग. पण बोरोहायड्राइड स्वतः जबर क्षपणकारक आहे, तो त्या ऑक्साइडचं तिथल्या तिथे काळं कोबाल्ट बोराइड करतो. आत टाकली ती पूड आणि काम करणारी पूड एक नसते.

निलांबरी

माझा मुलगा नववीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी हाच विषय घ्यायचा म्हणतोय. घरी जमेल का? तुळस आणि जास्वंद अंगणात आहे.

पारंबी

निलांबरीताई, निकेल आणि कोबाल्टची लवणं कृपा करून घरात आणू नका. निकेलची संयुगं कर्करोगकारक आहेत, त्वचेलाही त्रास होतो. मी हातमोजे आणि हूडशिवाय बाटली उघडत नाही.

त्याला आवळा, हिरडा आणि हिराकस द्या. एका पेल्यात हिरड्याचा काढा, एकात तुळशीचा, एकात जास्वंदीचा, प्रत्येकात हिराकसाचं थोडं पाणी. कुठला किती काळा होतो ते बघून कुठल्या वनस्पतीत टॅनिन जास्त ते ताडता येईल. धातू आणि पान यांचं नातं त्यातून जेवढं कळतं तेवढं माझ्या भट्टीतूनही कळत नाही.

पाण्याचं विघटन दाखवायचं असेल तर ९ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीतली शिसं आणि पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा. मीठ अजिबात नको, क्लोरीन निघतो. स्टीलचे चमचेही नकोत, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. वायू साठवू नका, खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी पेटवू नका. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात हायड्रोजन पेट घेतो. ऋण टोकाला बुडबुडे दुप्पट येतात, तेवढं मोजलं तरी प्रदर्शनात उभं राहता येईल.

सेलहाऊस

पारंबी, तुला तू म्हणतो, माझ्या नातीच्या वयाची असशील. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात सेल हाऊसवर, म्हणजे मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक आणि क्लोरीन काढतात तिथे, माझी ३४ वर्षं गेली. आमच्याकडे हायड्रोजन हे जोडउत्पादन. एक टन कॉस्टिकमागे २५ किलो, हिशेबानं पक्का. म्हणून तुझा धागा दोनदा वाचला.

माझ्या सुरुवातीच्या काळात पाऱ्याचे सेल होते आणि अ‍ॅनोड (धन टोक) ग्रॅफाइटचे. ते झिजायचे, मग पाऱ्यापासूनचं अंतर वाढायचं, व्होल्टेज चढायचं, आम्ही ते खाली सरकवत बसायचो. नंतर टायटॅनियमच्या जाळीवर रुथेनियम आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचा लेप दिलेले अ‍ॅनोड आले. हेन्री बीअर नावाच्या माणसाचा साठच्या दशकातला शोध. धातूच्या क्षाराचं द्रावण जाळीवर रंगासारखं लावायचं, भट्टीत भाजायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा भाजायचं. हेही शेवटी धातूचं ऑक्साइडच आणि भट्टीच. तो क्लोरीनसाठीचा अ‍ॅनोड आहे, तुझ्या ऑक्सिजनचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो वर्षानुवर्षं टिकला म्हणून उद्योग बदलला, पहिल्या दिवशी चांगला चालला म्हणून नाही.

तुम्ही लोक १० मिलिअ‍ॅम्पिअर प्रति चौरस सेंटिमीटरवर मोजता ना? आमचे मेंब्रेन सेल ५०० ते ६०० वर चालायचे, ८०-९० अंशांच्या तापमानात, ३२ टक्के कॉस्टिकमध्ये. आणि सगळ्यात मोठं नुकसान चालू असताना होत नसे. प्लांट अचानक बंद पडला की सेलमध्ये उलटा प्रवाह वाहतो आणि कॅथोडवरचा (ऋण टोकावरचा) लेप खराब होतो. लाइट गेली की आमच्या पोटात गोळा यायचा तो त्यासाठी.

सौरऊर्जेवर हायड्रोजन काढणार म्हणता. सूर्य रोज संध्याकाळी मावळतो. म्हणजे तुमचा प्लांट रोज बंद होणार, रोज चालू होणार. तुझ्या पुडीला बंद-चालू, बंद-चालू करून बघितलंस का? पानाची पूड आणि बिनपानाची पूड पहिल्या तासात सारखी दिसली, पन्नास वेळा बंद-चालू केल्यावर सारखी दिसेल का? सच्छिद्र पूड जाळीला धरून राहते की झडते? मला तरी पानाचा वाटा तिथे शोधावासा वाटतो.

कोठीरोड

सेलहाऊस काकांनी जे विचारलं ते आमच्या चर्चेत कुणालाच सुचलं नव्हतं. पारंबी, यात एक आणखी कोरा नमुना घाला. नायट्रेट अधिक शुद्ध टॅनिक आम्ल. पान जे करतं ते एकटं टॅनिन करत असेल तर तेही कळेल, आणि टॅनिक आम्लाचं वजन दर वेळी तेच ठेवता येतं.

पारंबी

तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल क्षमा असावी.

इंदूरकरांनी सांगितल्याप्रमाणे द्रावण शुद्ध केलं. दोन्ही नमुन्यांची क्रियाशीलता घटली, बिनपानाची बरीच जास्त घटली, पानाची कमी. पहिला आनंद झाला तो पाचच मिनिटं टिकला. पानाच्या पुडीचं आयसीपी विश्लेषण (धातूंचे अंश मोजणारी चाचणी) करून घेतलं, तिच्यात लोह आहे. मग हिरवी फांदी यांचं ऐकून आजीची परवानगी काढली, आमच्या वाड्यातल्या वडाची झाडावरची जून पानं घेतली (आजीनं हात जोडून झाडाची क्षमा मागितली, मीही मागितली), तीन पाण्यांनी धुतली, काढा दोनदा गाळला. या पुडीत लोह बरंच कमी निघालं आणि तिचा आलेख बिनपानाच्या आलेखाजवळ जाऊन बसला. म्हणजे पावसाळा-उन्हाळ्यातल्या ज्या फरकानं मी हैराण होते त्यातला निदान काही भाग पानाचा नव्हता, रस्त्याच्या धुळीचा होता.

सगळं घेऊन मार्गदर्शकांकडे गेले. वही पुढे ठेवली आणि गप्प उभी राहिले. त्यांनी दोन्ही आलेख बराच वेळ पाहिले आणि मसुद्यातलं ते क्षपणाचं वाक्य स्वतः खोडलं. मथळ्यातला 'हरित' शब्दही. म्हणाले, आता नवीन प्रश्न लिहून आण.

तो काकांच्या पोस्टमधूनच घेतला आहे. चार नमुने: नुसतं नायट्रेट, टॅनिक आम्लासह, धुतलेल्या पानासह, आणि टॅनिक आम्लात मोजून लोह घातलेला. चारही शुद्ध द्रावणात, निकेलच्या जाळीवर, पुन्हा पुन्हा बंद-चालू. परवापासून सुरू केलंय. आजच्या सकाळपर्यंत नऊ फेऱ्या झाल्या. नुसत्या नायट्रेटच्या नमुन्याखाली तळाला काळी भुकटी दिसायला लागली आहे, बाकीच्या तिघांखाली अजून पाणी स्वच्छ आहे. एवढ्यावर काही म्हणत नाही.

काका, तुमच्याकडे त्या लेप दिलेल्या जाळीचा एखादा जुना तुकडा असेल तर मला हातात घेऊन बघायचा आहे.

सेलहाऊस

आहे. देवघराच्या खालच्या खणात ठेवलाय, तळहाताएवढा. सेल खोलताना निकामी झाला होता, निवृत्तीच्या दिवशी साहेबांना विचारून घरी आणला. लेप एका कोपऱ्यात अजून शाबूत आहे, काळा, बोटानं घासला तरी निघत नाही. रविवारी दुपारी ये, आजीलाही घेऊन ये. येताना तुझ्या तळाला बसलेली ती भुकटी एका बाटलीत घालून आण, मला तिचा रंग बघायचा आहे.